साडेपाचाचा साबण

"ड्राय, नॉर्मल की सेन्सिटिव्ह?" औषधाच्या दुकानातल्या मुलाने विचारलं.

"बाळासाठी हवाय," मी म्हणालो.

"हो, पण स्किन कशी आहे?"

आता काय सांगणार? बाळ एकोणीस दिवसांचं. त्याचा स्वभाव कसा आहे हेच अजून कळलेलं नव्हतं, तर त्वचेचं कुठून कळणार? "मऊ आहे," मी म्हणालो. माझ्या मागे खोकल्याचं औषध न्यायला आलेले एक गृहस्थ उभे होते. ते खोकायचे थांबले आणि हसले.

मुलाने मग साडीच्या दुकानात गादीवर साड्या टाकतात तशा काउंटरवर वड्या आणि बाटल्या टाकल्या. "हा दुधाचा. हा बदामाचा. हा ओटचा. हा मध-केशर." बाळाच्या अंघोळीची सोय करायला आलोय की नाश्त्याची, हेच मला कळेनासं झालं.

"यातला सगळ्यात सौम्य कुठला?"

"सगळेच सौम्य आहेत, सर."

"मग सगळ्यात कमी सौम्य कुठला?"

हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नसावा. त्याने मालकांकडे पाहिलं, मालकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी घाबरून चार वड्या आणि दोन बाटल्या घेतल्या. निवड करता आली नाही की मी सगळं घेतो. आमच्या घरी दोन मिक्सर आहेत ते त्यामुळेच.

या खरेदीचं कारण होतं बाळाच्या डाव्या गालावर उठलेल्या चार पुटकुळ्या. पुटकुळ्या चार आणि त्यांच्यावर मतं पाच, कारण आमच्या डोंबिवलीच्या घरात त्या वेळी पाच मोठी माणसं होती. आई चिपळूणची. तिच्या मते जगातल्या कुठल्याही कातडीला खोबरेल आणि चण्याच्या डाळीचं पीठ याशिवाय काही लागत नाही. फार तर एक साधी साबणाची वडी. सासूबाई अमरावतीच्या. त्या खास बाळंतपणासाठी येताना तिळाच्या तेलाचा कॅन आणि मसुराच्या डाळीचं पीठ घेऊन आल्या होत्या. पिठात साय आणि चिमूटभर हळद. दोघी एकमेकींना 'विहीणबाई' म्हणत आणि अत्यंत गोड बोलत. "तुमचं चण्याचं पीठ चांगलंच हो, विहीणबाई, पण जरा खरखरीत पडतं, नाही का?" "तुमच्या तिळाच्या तेलाने अंगात ऊब राहते हो, विहीणबाई, पण आपली डोंबिवली म्हणजे काही अमरावती नव्हे." हे ऐकत बसलं की भारत-चीन सीमेवरच्या ध्वज-बैठका कशा होत असतील याची कल्पना येत असे.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं मत एकच होतं आणि ते सर्व विषयांना लागू होतं. "प्रश्न साबणाचा नाहीच मुळी," ते म्हणत, "प्रश्न पाण्याचा आहे." त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नसे. खात्यातही देत नसत असं आई म्हणते.

बायकोचं मत शास्त्रीय होतं. रात्री तीन वाजता बाळाला पाजताना तिने मोबाइलवर बरंच वाचलं होतं. सकाळी चहा घेताना तिने जाहीर केलं, "त्वचेला साडेपाच हवा."

"संध्याकाळी साडेपाचला अंघोळ?" आई दचकली. "अगं, सर्दी होईल त्याला!"

मग पीएच म्हणजे काय हे आईला समजावण्याची जबाबदारी माझ्यावर आली. दहावीच्या प्रयोगवहीतलं जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. सात म्हणजे मधोमध. खाली आम्ल, वर अल्क. मोठ्या माणसाची त्वचा साडेपाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. बाळ जन्मतं तेव्हा त्याची त्वचा सातच्या जवळ असते आणि मग हळूहळू खाली येते. आणि साबण असतो नऊ-दहाच्या घरात.

"एवढा कसा?"

"साबण म्हणजे काय, आई? तेल आणि कॉस्टिक सोडा."

"मोरीत टाकतो तो?"

इथे मी थांबायला हवं होतं. साबण तयार होताना तो सोडा संपून जातो, मागे साबण आणि ग्लिसरीन उरतं, हे वाक्य मी पूर्णही केलं. पण 'मोरी' या शब्दानंतर ते कुणी ऐकलं नाही. आईने चारही वड्या उचलून फिनाइलच्या शेजारी ठेवल्या.

आता बाबांना काम मिळालं. त्यांनी चष्मा लावला, वड्यांची वेष्टनं सुटी केली आणि पाठकोऱ्या कागदावर तौलनिक तक्ता आखला. वेष्टनावर टीएफएम नावाचा आकडा असतो, म्हणजे साबणात स्निग्धांश किती, हा शोध त्यांचा. तो किमान ७६ टक्के असेल तर ग्रेड १, ७० असेल तर ग्रेड २ आणि ६० असेल तर ग्रेड ३. भारतीय मानक ब्यूरोची ही प्रतवारी पाहून बाबांच्या डोळ्यांत मी कित्येक वर्षांनी चमक पाहिली. निविदा उघडल्यासारखे ते एकेक आकडा मोठ्याने वाचत होते. तीन वड्या पात्र ठरल्या. चौथी, जी सगळ्यात महाग होती, तिच्यावर टीएफएम नव्हताच.

"अपात्र," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, तो साबणच नाहीये," बायको म्हणाली. "सिंडेट आहे. त्यात साबण नसतो म्हणून तो सौम्य."

"साबण नाही?" सासूबाई म्हणाल्या. "मंग तुम्ही काय म्हणून घेऊन आले, जावईबापू?"

"साबण म्हणून."

"पावणेतीनशे रुपये देऊन?"

मी गप्प बसलो. सगळ्यात चांगला साबण तो, ज्यात साबण नाही, हे वाक्य मला आजही कुणाला पटवून देता येत नाही.

बाटल्यांवरचं वाचन माझ्याकडे होतं. पहिलाच घटक 'ॲक्वा'. काहीतरी परदेशी अर्क असावा असं वाटून मी आदराने उच्चारला. बायको म्हणाली, पाणी. लॅटिनमध्ये. "म्हणजे पाणीच विकतात," बाबा म्हणाले, पण पुन्हा कुणी लक्ष दिलं नाही. एका बाटलीवर 'अनसेंटेड' होतं, तरी झाकण उघडल्यावर मंद काहीतरी येत होतं. चौकशीअंती कळलं की बिनवासाचं वेगळं आणि 'अनसेंटेड' वेगळं. दुसऱ्या प्रकारात मूळ वास येऊ नये म्हणून वरून एक वास घातलेला असू शकतो. आमच्याकडच्या ध्वज-बैठकांसारखंच.

आणि 'हायपोॲलर्जेनिक' तर सहाही वस्तूंवर होतं. एवढा भारदस्त शब्द असल्यावर त्यामागे काहीतरी परीक्षा असणार, अशी माझी समजूत. तर १९७५ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने तशी परीक्षा लावायचं ठरवलं होतं म्हणे. चाचणी करा, मग शब्द छापा. प्रसाधनवाले कोर्टात गेले आणि १९७७ मध्ये कोर्टाने तो नियमच रद्द केला. तेव्हापासून तिकडे हा शब्द देवाला सोडलेल्या वळूसारखा मोकळा हिंडतो; कुणाच्याही शेतात शिरावं, कुणी हाकलायचं नाही.

छापील शब्दांवरचा विश्वास असा उडाल्यावर प्रत्यक्ष प्रयोगाला पर्याय उरला नाही. बाळावर प्रयोग करायचा नाही यावर घरात एकमत होतं. माझ्यावर करायचा यावरही लगेच एकमत झालं.

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला मी बॉलपेनने सहा चौकोन आखले आणि त्यांना अ, आ, इ, ई, उ, ऊ अशी नावं दिली. रोज सकाळी प्रत्येक चौकोनात ज्याचा त्याचा फेस. ऑफिसात बाही वर सरकली की शेजारचा विचारायचा, "मुलाला आत्तापासून शिकवतोयस, की तू विसरलास?"

डोळ्याचा प्रयोग बाबांच्या आग्रहाखातर झाला. बाटलीवर लिहिलं होतं, डोळ्यांत गेलं तरी चुरचुरत नाही. मी थेंबभर डोळ्यात घातलं. खरंच चुरचुरलं नाही. पण बायको म्हणाली, नुसतं यावरून काय कळणार, तुलनेला काहीतरी हवं. म्हणून दुसऱ्या डोळ्यात माझा नेहमीचा शांपू. तुलना अत्यंत स्पष्ट झाली. दुपारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेबांनी मधेच थांबून विचारलं, "सगळं ठीक आहे ना घरी?"

आता पीएच तेवढा मोजायचा राहिला होता. त्यासाठी मी एक रजा टाकून प्रिन्सेस स्ट्रीटला गेलो आणि प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून पट्ट्यांचं पुस्तक घेऊन आलो. एक ते चौदा, लालपासून गडद निळ्यापर्यंत रंग. रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर वाट्या मांडल्या. गुलाबी वेष्टनावर झोपलेल्या बाळाचं चित्र असलेली वडी : दहा. भांडी घासायचा साबण : दहा. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्यावर कुठली कुणाची ते सांगता येईना. साबण नसलेला तो साबण : साडेपाच, अगदी चोख. सासूबाईंचं पीठ आणि साय : सहा-सातच्या मधे कुठेतरी. "पाहा!" सासूबाई म्हणाल्या. आईने शांतपणे स्वयंपाकघरातून आमटीची वाटी आणून टेबलावर ठेवली. कोकम घातलेली आमटी. हळदीमुळे रंग नीट कळेना, पण पाचच्या आसपास असावी. म्हणजे शास्त्र धरून चालायचं तर बाळाला आमटीने अंघोळ घालायला हवी होती.

एवढ्यात बायको बाळाला घेऊन टेबलाशी आली. लंगोट बदलायचा होता. बाळाने योग्य क्षण साधून एक सरळ धार सोडली, ती थेट उरलेल्या पट्ट्यांवर. सहा. सबंध सकाळीत एवढं स्वच्छ उत्तर कुणी दिलं नव्हतं. पट्ट्या मात्र संपल्या.

या सगळ्याशी ज्या बाईंचा प्रत्यक्ष संबंध होता, त्या म्हणजे अंघोळ घालणाऱ्या मावशी. रोज सकाळी नऊला येत. मी त्यांना एकदा थांबवून सांगायचा प्रयत्न केला, "मावशी, बाळाच्या त्वचेचा ना एक..."

"दादा, जरा सरका. उजेड अडवताय."

मी सरकलो आणि बाथरूमच्या दारातून पाहत राहिलो. मावशी पाटावर बसत, साडी गुडघ्यांवर घेऊन पाय लांब करत आणि त्या दोन पायांच्या पन्हळीत बाळ पालथं घालत. टाळूवर आधी तेल जिरवलेलं. उजव्या हातात तांब्या. पाणी आधी स्वतःच्या नडगीवर, मग बाळाच्या पाठीवर. उताणं केलं की डावा तळवा बाळाच्या कपाळावर आडवा. डोक्यावर घातलेलं पाणी त्या तळव्याच्या कडेने दोन्ही कानांमागून उतरे, एक थेंब डोळ्यात जात नसे. बाळ पहिल्या तांब्यापर्यंत टाहो फोडी आणि दुसऱ्याला एकदम गप्प होऊन, तोंडाचा चंबू करून छताकडे बघत राही. मावशी साबण कुठला लावत? जो हाताला लागेल तो. अ की ऊ, त्यांना घेणं नव्हतं.

पाण्याची परीक्षा मात्र आम्ही सोडली नव्हती. मावशींच्या आधी आईचं कोपर बादलीत जाई : "गरम आहे." मग सासूबाईंचं : "थंड आहे." मग बायकोचं बदकाच्या आकाराचं थर्मामीटर : ३७. मग ज्याला लहानपणापासून कशाचाच अंदाज येत नाही असं माझं कोपर. चौघांचं जमेपर्यंत पाणी खरोखरच थंड होई. मग गीझर पुन्हा सुरू. "पाणी," दिवाणखान्यातून बाबांचा आवाज येई, "मी म्हणत होतो."

आणि मग तो दिवस उजाडला. मावशींची सुट्टी होती. सासूबाईंनी संधी साधून हळदीचं पीठ लावलं. आईने संधी साधून त्यावर साबण फिरवला. दोघींनी एकमेकींच्या नकळत, अत्यंत प्रेमाने. बाळाला पांढऱ्या दुपट्यात गुंडाळून बायकोच्या हातात दिलं आणि बायको किंचाळली. दुपट्यावर लाल डाग होते. काखेपाशी, मानेपाशी, मांडीच्या वळीत. लालभडक.

रिक्षात आम्ही सहा जण कसे बसलो हे मला अजूनही सांगता येत नाही. डॉक्टरबाईंनी बाळाला उघडं केलं, वळ्या उलगडून पाहिल्या, दुपटं खिडकीशी नेऊन धरलं.

"हळद लावता?"

"चिमूटभर," सासूबाई म्हणाल्या.

"आणि वर साबण?"

"अगदी थोडा," आई म्हणाली.

मग डॉक्टरबाई काही बोलल्याच नाहीत. बोलायची गरज नव्हती. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे जन्मभर टेबलक्लॉथ धुतलेल्या त्या दोन बायकांना पाठ होतं. पण बाळाच्या अंगावर लाल दिसल्यावर आठवतं कुणाला? आणि मला आठवलं ते असं की साबण अल्क आहे हे सांगायला घरात हळदीचा डबा होता आणि मी त्यासाठी प्रिन्सेस स्ट्रीटला जाऊन आलो होतो.

"बाळाला काहीही झालेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गालावरच्या पुटकुळ्या या वयात येतात, आपोआप जातात. पण तुम्हाला हे काय झालंय?"

त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मी बाही वर केली. हात चांगलाच लाल झालेला होता. मी उत्सुकतेने विचारलं, "कुठला चौकोन, डॉक्टर? अ की ई?" त्यांनी भिंग धरलं. सहाही चौकोन स्वच्छ होते. लाल झाल्या होत्या त्या रेघा. मला बॉलपेनच्या शाईची ॲलर्जी होती.

डॉक्टरबाई मलम लिहून देत असताना बायकोने विचारलं, "मग बाळाला नक्की काय वापरायचं?"

"पाणी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

खुर्चीत बसलेले बाबा हळूहळू उभे राहिले.

"कोमट पाणी. पाच-दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. जिथे चिकट असतं तिथेच साबण, तोही सौम्य, थोडासा. पीठ लावून रगडायचं नाही. पावडर नको. आणि साबणाची अंघोळ रोज कशाला? आठवड्यातून दोन-तीनदा पुरे."

"पीठ नको?" आई म्हणाली. "मग याला मी काय लावलं होतं? रोज रगडायचे!" आणि तिने माझ्याकडे बोट केलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा, लाल हात, अजून किंचित सुजलेला उजवा डोळा. त्यांनी मलमाच्या चिठ्ठीत लक्ष घातलं.

येताना रिक्षात आई आणि सासूबाईंचं इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरंखुरं एकमत झालं. "आठवड्यातून तीनदा?" "दोनदा म्हणाली वो ती, विहीणबाई!" "कुठे शिकली असेल?" "पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर पाहू." दोघींनी एकमेकींचे हात हातात घेतले होते. आठ दिवसांत पुटकुळ्या गेल्या, तेव्हा एकीने खोबरेलाला श्रेय दिलं आणि दुसरीने तिळाच्या तेलाला, आणि घर पुन्हा पूर्ववत झालं.

बाबांचं मात्र विचारू नका. त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. "पाणी ठरलं. पण कुठलं?" महापालिकेचं, सोसायटीच्या बोअरचं, की टँकरचं? बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो, तोच अंगावर बसतो. उकळून घेतलेलं? प्यायच्या फिल्टरचं? पाठकोऱ्या कागदावर नवा तक्ता आखलेला होता. मावशी दुसऱ्या दिवशी नऊला आल्या, नळ सोडला, तांब्या घेतला आणि अंघोळ उरकून गेल्या. तक्ता अजून चालू आहे.

उरल्या चार वड्या आणि दोन बाटल्या. आमच्याकडे वस्तू वाया जात नाही. बाळाला नको, बायका हात लावायला तयार नाहीत, बाबांचा ग्रेडवर विश्वास असला तरी वासावर नाही. तेव्हा गेले दोन महिने मी त्यांनीच अंघोळ करतोय. आधी दुधाचा, मग बदामाचा, आता मध-केशर. डोकंही त्याच बाटलीने, डोळे चुरचुरत नाहीत.

परवा सकाळी आठ-सतराला डोंबिवलीहून चढलो. श्वास घ्यायला जागा नव्हती. दिव्याच्या आसपास माझ्या बगलेत अडकलेल्या काकांनी दोनदा वास घेतला आणि मान वर करून ओरडले, "अहो, कुणाकडे तरी लहान बाळ आहे इथे! जरा सरका की, माणुसकी आहे का नाही?"

गर्दी हलली. बाकावरचे तिघे मुकाट्याने आत सरकले. मी सॅक पोटाशी धरली, तिच्यावर अलगद एक हात ठेवला आणि घाटकोपरपर्यंत चौथ्या सीटवर बसून गेलो.